चालतं मॉडेल

विज्ञान प्रदर्शनासाठी मॅडमनी एकच अट घातली होती: मॉडेल चालतं पाहिजे. चौथीतल्या मुक्तानं पुठ्ठ्याची बाई केली. तिला फुग्यांची फुप्फुसं बसवली, सलाईनच्या नळीची आतडी घातली आणि गर्भपिशवीच्या जागी कुंकवाच्या पाण्यानं भरलेली इवली पिशवी चिकटवली. दुष्काळामुळे मुक्ताचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. साखर कारखान्याचे चेअरमन पाहुणे म्हणून आले, पुठ्ठ्याच्या बाईपुढं थांबले. “लई भारी. पण ही चालती कशी?” मुक्तानं दप्तरातून ब्लेड काढलं, बाईचं पोट उभं फाडलं आणि पिशवी उपसून टाचेखाली चिरडली. लाल पाणी चेअरमनच्या पांढऱ्या पायजम्यावर उडालं. घाबरलेल्या मॅडमनी तिच्या थोबाडीत फाडकन मारली. मुक्तानं ओठावरचं रक्त पुसलं. “माझ्या आईचीबी अशीच काढली. मुकादम म्हनला, पिशवी गेली की पाळीचे खाडे बंद.” तिनं फाटलेली बाई उभी केली. “आता चालंल.”