नरहरचा ढावलो

आपण रडायला शिकायला आलो आहोत, असं नरहर देशकरनं सांगितलं तेव्हा भुरीबाईनं हातावरची भाकर तशीच धरून ठेवली आणि सुनेकडे पाहिलं. सून पदरात तोंड घालून हसत होती.

महागावजवळच्या त्या बंजारा तांड्यावर नरहरचं हे दुसऱ्यांदा येणं. नागपूरच्या एका संगीत महाविद्यालयात तो ढावलोवर प्रबंध लिहीत होता. ढावलो म्हणजे लग्न होऊन तांडा सोडणाऱ्या मुलीनं आई, भाऊ, मैत्रिणी अशा एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडणं. मागच्या खेपेला एका लग्नात कोपऱ्यात बसून त्यानं सगळे स्वर टिपून नेले होते. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. स्वर बिनचूक आहेत, पण रडू कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं. आता उमेदवारानं तोंडी परीक्षेत स्वतः ढावलो गाऊन दाखवावा, नाही जमलं तर पदवी विसरावी.

बाभुळगावला आई होती. तिला नरहर दरवर्षी ‘यंदा होईल’ म्हणून सांगायचा. अलीकडे तिनं विचारणंच सोडलं होतं, आणि ते त्याला जास्त लागलं होतं.

भुरीबाईनं साफ नाही म्हटलं. ढावलो काही भजन नव्हे, की आला त्यानं बसावं आणि म्हणावं. ज्याला लग्न करून घर सोडायचं आहे त्यालाच तो शिकवायचा. उगाच म्हटला तर घरावर खरं रडणं ओढवतं.

“तू तं बाप्या माणूस,” ती म्हणाली. “तुले कायले पाह्यजे?”

नरहरच्या डोळ्यांदेखत पदवी उठून चालली होती. बुडत्याला काडीचा आधार. हाताला पहिली लागली ती काडी त्यानं धरली.

“मी घरजावई चाललो, याडी,” तो म्हणाला. याडी म्हणजे आई, एवढी तांड्याची गोरबोली त्याला येत होती.

सुनेचं हसू थांबलं. कोणाकडे, असं भुरीबाईनं हळूच विचारलं. नरहरला घाईत एकच घर सुचलं, त्याचे मार्गदर्शक आबासाहेब यांचं. त्यांना मुलगा नाही, एकुलती एक मुलगी, म्हणून जावयानं त्यांच्याच घरी राहायचं, असं त्यानं ठोकून दिलं.

यातली मुलगी तेवढी खरी होती. या मुलीनं, म्हणजे विमलताईंनी, एकदा भर वर्गात नरहरचा गंधार उतरलेला असल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्या समोरून आल्या की तो रस्ता बदलत असे. आलेली चांगली चांगली स्थळं त्यांनी सूर कच्चा म्हणून परत पाठवली होती आणि आबासाहेबांची झोप उडवली होती.

भुरीबाईचे डोळे भरून आले. पोरीच्या जातीला घर सोडायचं लहानपणापासून ठाऊक असतं. याला बिचाऱ्याला कोणी रडायलासुद्धा शिकवलं नाही. तिनं भाकर त्याच्या ताटात वाढली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. नरहरला लाज वाटली, पण त्यानं भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाया पराटीतून कापूस वेचत पुढे जात आणि नरहर त्यांच्या मागून रडत चाले. वाटेवरचे गाडीवाले बैल थांबवून कोण गेलं म्हणून विचारपूस करत. गळ्यात पडण्याच्या सरावासाठी त्याला बांधावरचा कडुनिंब दिला होता. सूर त्यानं चटकन उचलले. रडू मात्र काही केल्या येईना.

शेवटी भुरीबाई कंटाळली.

“झाडाले नोको सांगू,” ती म्हणाली. “तुही माय आता काय करून राह्यली असंल?”

नरहर सांगू लागला. मी येणार म्हटलं की ती सकाळच्या मोटारीपासून दारात बसते. जेवत नाही. मी संध्याकाळी पोचलो, तरी आत्ताच बसले म्हणून सांगते. एवढं बोलून त्यानं कडुनिंब सोडला. मग जे बाहेर पडलं ते थेट सुरात पडलं. भुरीबाईनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. बायाही रडू लागल्या, आणि त्या दिवशी कापूस काही फारसा निघाला नाही.

निघताना तांड्याचे नायक भीमसिंग यांनी ते नागपूरचे लोक तुला पाहायला कधी बसणार, असं विचारलं. नरहरनं परीक्षेची तारीख आणि महाविद्यालयाचा पत्ता सांगून टाकला. तेवढं तरी खरं बोलावं, असं त्याला वाटलं. ढावलो आमच्या दारात शिकलास, म्हणजे हा तांडा तुझं माहेर झाला, असं भुरीबाई म्हणाली. तो तिच्या पाया पडला आणि सुटलो एकदाचा, असं मनाशी म्हणत मोटारीत बसला.

परीक्षेला तंबोऱ्यावर विमलताई होत्या. नरहरनं डोळे मिटले आणि आईच्या गळ्यात पडल्यासारखा गायला. मधेच शिपायानं आबासाहेबांच्या कानात काही सांगितलं आणि ते उठून बाहेर गेले. गुरुजींना ऐकवलं नाही, असं समजून नरहर आणखी गहिवरला. तंबोऱ्यावरची बोटं एकदा थांबली. ज्या परीक्षकानं रडू मागितलं होतं त्यानं चष्मा काढून डोळे पुसले आणि नरहरला डॉक्टर म्हणून हाक मारली.

पाया पडायला तो बाहेर धावला. ओसरीवर भीमसिंग नायक, पंच आणि भुरीबाई सोयरिकीच्या गुळाची ताटली मधे घेऊन बसले होते. आबासाहेबांनी त्याला मिठीच मारली.

“तुह्या माहेरचे म्हणून आम्ही आलो,” भीमसिंग म्हणाले. “म्हटलं, लेकरू एवढं रडून राह्यलं, तं सासऱ्याले विचारून घ्याव, नीट ठेवसान का.”

“मला एका शब्दानं बोलला नाहीस नरहर?” आबासाहेब मिशीला लागलेला गूळ पुसत म्हणाले. “पण मी यांना शब्द दिला आहे. वरची खोली तुझी.”

नरहरनं मागे वळून पाहिलं. आता सारा भरवसा विमलताईंवर होता. त्या दारात उभ्या होत्या. नकार देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

विमलताई पुढे आल्या, ताटलीतला गुळाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला.