सासऱ्यांचा खटारा

वडिलांमागे तिच्याकडे राहिलेली वस्तू एकच, त्यांची मोटरसायकल. नवऱ्याच्या हाती ती निघताना हमखास आचके द्यायची. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून जिन्याखाली पसरला, गल्लीतल्या समस्त मेकॅनिकना एकजात गाढव ठरवलं आणि शेवटी निकाल दिला, "इंजिनच गेलंय. तुझ्या बाबांनी जन्मभर खटाराच सांभाळला. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय."

"अहो, पण मी काढते तेव्हा लोण्यासारखी निघते."

"तुला काय कळतंय त्यातलं! बस मागे, दाखवतो."

ती बसली. गाडी दोनदा थरथरली, उचकी दिल्यासारखी हलली आणि बंद पडली.

"बघितलंस?" तो विजयी मुद्रेने म्हणाला.

"बघितलं. अहो, तुम्ही पहिला गिअर टाकलाच नाहीत!"

"पहिला? पेट्रोल पितो तो! मी लग्नाआधीपासून थेट तिसऱ्यातच काढतो. डोकं लागतं त्याला."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा ती गाडीची किल्ली मुठीत धरून दारातच उभी होती.



"गाडी नाही द्यायची हो. खटारा आत पेपर वाचतोय, तो न्यायचा तर न्या."