मोठ्याने म्हण

वृद्धाश्रमाच्या अधीक्षिकेने शेवटची भेट टेबलाच्या अगदी टोकाला ठेवली. वर चिठ्ठी होती, "सोळा नंबरच्या आजी."

"अगंबाई, यंदा सोळा नंबरपण?" स्वयंपाकीणबाई म्हणाली. "नाही, गेली दोन वर्षं त्यांचं नाव यादीतून राहूनच जातंय, म्हणून विचारलं."

"यंदा नाही राहिलं. त्यांची भेट मी माझ्या हाताने शिवलीय."

"पुण्य लागेल हो मॅडम तुम्हाला."

अधीक्षिका नुसती हसली.

वर्षअखेरच्या सुट्टीत जवळच्या शाळेतली मुलं आश्रमात भेटी घेऊन यायची. आजी-आजोबांनी त्या घ्यायच्या, आभार मानायचे आणि मुलांनी ते पाहून शिकायचं, असा शाळेच्या बाईंचा शिरस्ता. "सगळं न मागता मिळतं हो या पोरांना," त्या म्हणायच्या. "मिळालेल्याची किंमत कळायला नको?"

अधीक्षिकेला ती आठव्या वर्षीच कळली होती.

तिची आई एका मोठ्या घरी भांडी घासायची. दरवर्षी याच सुट्टीत मालकीणबाई आपल्या मुलांना रांगेत उभं करायच्या आणि शेवटी हिला. कोपऱ्यातल्या खुर्चीत मालक वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. आधी आभार, मग भेट, असा त्या घरचा नियम.

त्या वर्षी तिने आभार मानले, तर मालकीणबाई म्हणाल्या, "मोठ्याने म्हण."

तिने पुन्हा म्हटलं.

"अजून मोठ्याने. चिमणे, आवाज नाही का गं तुला?"

मुलं खुसुखुसु हसली. दाराआड आई मान खाली घालून उभी होती. तिसऱ्यांदा ती किंचाळलीच, आवाज फाटला. तेव्हा कुठे मालकांचं वर्तमानपत्र खाली झालं, त्यांनी मान डोलावली आणि तिच्या हातात बाहुली पडली. जुनी, चिंध्यांची. एक हात गायब. पोटावर लाल दोऱ्याची वेडीवाकडी शिवण.

"घरी गेल्यावर नीट बघ हं," मालकीणबाई म्हणाल्या.

बघायचं काय त्यात? हात नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. परतताना तिने पुलावरून बाहुली नदीत भिरकावली. चिंध्यांचीच, पण दगडासारखी तळाला गेली. तिला तेवढंच बरं वाटलं. पुन्हा तोंड दाखवायला वर आली नाही.

त्याच आठवड्यात आईचं दुखणं निघालं. दोघी मामाच्या गावी गेल्या. तिथे हिची शाळा सुटली ती सुटलीच, आणि दोन वर्षांत आई औषधावाचून गेली. पुढे याच आश्रमात फरशा पुसत पुसत ती खुर्चीपर्यंत पोचली. सोबतीला आईच्या खाली घातलेल्या मानेचा डूख होता.

आणि देवाने ऐकलं म्हणायचं. तीन वर्षांपूर्वी त्याच मालकीणबाई एक पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. नवरा गेलेला, घर विकलेलं, मुलं पांगलेली. अधीक्षिकेने त्यांना न्हाणीघराशेजारची खोली दिली. चहा सगळ्यांत शेवटी, गार झालेला. कशालाही म्हातारीचं उत्तर एकच, "बरं हो मॅडम." ओळख म्हणून नाही. कधीमधी नुसती डोळे भरून बघत राहायची. डोक्यावर परिणाम झाला असेल, असं अधीक्षिकेने स्वतःला सांगितलं.

एकेक भेट देऊन झाली. सभागृहात चाळीस मुलं मांडी घालून बसली होती.

"मुलांनो, आता नीट लक्ष द्या," अधीक्षिका म्हणाली. "सोळा नंबर, उभ्या राहा. आधी आभार, मग भेट."

म्हातारी काठीवर भार टाकून उठली. समोर भेट घेऊन उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "तुझे फार आभार हं बाळा."

"मोठ्याने म्हणा."

"तुझे आभार, बाळा."

"अजून मोठ्याने. आवाज नाही का तुम्हाला?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिदकन हसलं. भेट धरलेली मुलगी शाळेच्या बाईंकडे वळली. "बाई, रागावू नका ना सांगा त्यांना. आजी रडतील."

म्हातारी रडली नाही. असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडली आणि तिचा आवाज फाटला. अधीक्षिकेच्या काळजातला बेचाळीस वर्षांचा काटा त्या आवाजासरशी निघाला.

तिने मान डोलावली. मुलीने भेट दिली.

कागद फाटला. आत चिंध्यांची बाहुली होती. एक हात गायब. पोटावर लाल दोऱ्याची वेडीवाकडी शिवण, आठवून आठवून घातलेली.

"नीट बघा हं," अधीक्षिका गोड आवाजात म्हणाली.

म्हातारीची बोटं त्या शिवणीवर थांबली. मग तिने वर पाहिलं. चेहरा असा उजळला, की अधीक्षिका नकळत पुढे वाकली.

"चिमणे," म्हातारी तिच्या कानाशी पुटपुटली, "मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं गं. पण तू एवढ्या मानाची. भांडीवालीची पोर म्हणून चारचौघांत तुला कमीपणा कशाला आणू, म्हणून गप्प राहिले."

अधीक्षिका वाकली होती ती तशीच राहिली.

"तेव्हा फार ओरडायला लावलं ना तुला? काय करणार, आमचे हे कानांनी फार जड. स्वतःच्या कानांनी आभार ऐकल्याशिवाय घरातली सुईसुद्धा बाहेर जाऊ द्यायचे नाहीत." तिने लाल दोऱ्यावरून हात फिरवला. "घाईत हाच दोरा हाताला लागला बघ. पण इथे तुला खुर्चीत पाहिलं आणि म्हटलं, चीज झालं. पुरल्या ना गं तुझ्या शिक्षणाला, पोटात शिवलेल्या माझ्या चारही बांगड्या?"