उंबऱ्याबाहेरचे बूट

फरशीवर गाल दाबलेला, एक हात पाठीमागे पिरगळलेला, आणि झेल्मीराच्या कानाशी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. ट्रक कोण चालवत होतं?

विचारणारा बूट घालून उभा होता. दुसरा अवाक्षर बोलत नव्हता. त्याचा एक गुडघा तिच्या पाठीत रुतलेला, दुसरं पाऊल तिच्या तोंडाशी. दोघांचेही चेहरे झाकलेले.

खाणमालकाने एका कामगार पुढाऱ्याला मारून चुन्यात गाडलं, हे तिच्या नव्या पुस्तकात येणार होतं. प्रेत वाहून नेणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिला सगळं सांगितलं होतं. त्याचं नाव मात्र तिने कागदावरही उतरवलं नव्हतं.

करंगळी मोडली. मग शेजारचं बोट. ती किंचाळली, पण नाव ओठांबाहेर आलं नाही. शुद्ध हरपताना दिसला तो मुक्या माणसाचा राखाडी लोकरी मोजा, टाचेला लाल लोकरीने रफू केलेला.

इस्पितळात हे ऐकून इन्स्पेक्टर कुबाला मिशीत हसला. "बोटं मोडायला आलेला माणूस दारात बूट काढून येतो. आईने वळण चांगलं लावलंय हो."

मग त्याने ड्रायव्हरचं नाव विचारलं, फार गोडीने. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. पोलिसांतूनच बातम्या खाणीकडे जातात, हे तिनेच तर छापलं होतं.

धाकटा भाऊ वेंडेलिन तिला न्यायला आला. फाटलेल्या ओठांना पोळू नये म्हणून त्याने चहा फुंकून फुंकून पाजला. गाडीत त्याने तिचा पट्टा स्वतः लावला. मग म्हणाला, आता ते लोक ड्रायव्हरला हुडकणारच, त्याआधी मी त्याला सरहद्दीपलीकडे पोलंडमध्ये सोडून येतो.

"पुस्तक गेलं खड्ड्यात, झेल्का. माणूस तरी वाचव."

सगळं ऐकून ती निघताना म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिच्या खिशात अक्रोड कोंबले होते, ते तिला आठवले.

"सिप्रियान," ती म्हणाली. "धरणाजवळचं पिवळं घर."

वेंडेलिनने तिच्या प्लास्टरवर अलगद हात ठेवला.

गावी पोचल्यावर आई त्याला म्हणाली, बूट काढ, दोन घास खाऊन जा. तो उंबऱ्यातूनच मागे फिरला. गाडी उतारावरून दिसेनाशी झाली.

आईने कोबीचं आंबट सूप वाढलं. लेकीच्या हाताकडे बघवेना, म्हणून शिवणाची टोपली घेऊन ती खिडकीशी बसली. एक राखाडी मोजा तिने लाकडी गोळ्यावर ताणला आणि सुईत लाल लोकर ओवली.

झेल्मीराचा चमचा ताटलीतच राहिला. "कुणाचा गं?"

"वेंडेलिनचा, आणखी कुणाचा. टाचाच खातो मेला. मागच्या जोडाला हीच लोकर लावली तर कुरकुरत होता. म्हटलं, बुटाच्या आत कोण बघायला येतंय?"