जाऊन राहिलो

“मातृभाषा हाच माणसाचा खरा पासपोर्ट,” असं जाहीर करून हिंदी मुलखातल्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या गंगाधररावांनी अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मराठीतून द्यायचं ठरवलं. मुलाखत चार दिवसांवर होती, लेकीचं बाळंतपण महिन्यावर, आणि रमाबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत भरलाही होता. तिकडून लेकच फोनवर साहेब होऊन तालीम घेऊ लागली. “अमेरिकेला कशासाठी?” “पोट्टीच्या बाळंतपणाला जाऊन राहिलो.” “बाबा, मरवाओगे! दुभाषी पुण्याचा निघाला तर साहेबाला सांगेल, हे तिकडे जाऊन राहणारेत. व्हिसा गेला! ‘जातोय’ म्हणा.” “म्हणून राहिलो ना!” “बाबा!” “काहून ओरडून राहिली?” गंगाधररावांनी मग तासभर वाक्य नाना वाटांनी नेऊन पाहिलं, प्रत्येक वाट फिरून ‘राहिलो’पाशीच येऊन थांबली. शेवटी त्यांनी फोनच ठेवून दिला. रमाबाई बॅगेतून डबा काढू लागल्या. ते म्हणाले, “काढूनच राहिली, तर एक लाडू दे.”