बाबांच्या रेडिओचा आवाज

कुडव्याच्या गजभिये घराण्याला कानांची देणगी आहे, यावर संघदीप आणि राजदीप या भावांचं एकमत होतं. बाकी कशावर नव्हतं. बाबांचा जुना रेडिओ त्यांच्यासाठी दुरुस्त करायला घेतला, पण त्यात मूळचा स्पीकर ठेवायचा की भंगारातून आणलेला तेवढाच जुना दुसरा, यातच रविवारची दुपार गेली.

"याच्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येऊन राहिला," संघदीप मूळच्या स्पीकरला कान लावून म्हणाला.

"श्वास नाही बे, आतला कागद फाटला त्याचा, तो फडफडून राहिला. पयले आपले कान साफ कर!"

शेवटी निवाडा बाबांवर सोपवला. बाबा हल्ली हाकेला ओ देत नसत. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, म्हणून घरात कोणी ते मनावर घेतलं नव्हतं. आज मात्र खुणावताच येऊन बसले. मूळच्या स्पीकरवर गाणं लावलं, तसे डोळे मिटून मान डोलावू लागले. डोलावतच राहिले.

"हाच! हाच माया रेडिओचा आवाज," बाबा म्हणाले. "पण कमी कर रे जरासा, शेजारचे बोंबलतील."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.



लाइट गाण्याच्या पहिल्याच ओळीला गेली होती.