सुरू झालेलं खातं

बायको गेली त्या दिवशी तिचं चाकणच्या कंपनीतलं ईमेल खातं बंद व्हायला हवं होतं. पण तिथली खाती उघडण्या-बंद करण्याचं काम ज्योतीरामचंच, आणि तो दवाखान्यात तिच्या उशाशी बसला होता. नंतर हात धजावला नाही. आता कंपनीचं नाव बदललं, म्हणून सगळ्यांची खाती नव्या डोमेनवर न्यायची होती. त्याने अख्खा खरेदी विभाग एकदम हलवला, त्यात तिचंही गेलं. मग ज्याने त्याने आपल्या मोबाईलवर आलेला कोड टाकून खातं सुरू करायचं. “ज्योतीभाऊ, खरेदीवाल्यांचं उरकलं,” शेजारचा सुजित म्हणाला. “एक सोडून.” “नाही राव, सगळी सुरू. वहिनींचंपण.” सुजितची जीभ अडखळली. “काहीतरी चुकलं असेल. बंद करा.” तिचा मोबाईल वर्षभर ज्योतीरामच्या ड्रॉवरमध्ये बंद पडून होता. त्याने तो हातात घेतला. कोमट लागला. खातं बंद करायचं राहिलं आहे.